बारा पेरं

तुम्ही चोर आहात. आधीच सांगून टाकते, पुढे आडपडदा नको. पाकीटमार निदान गर्दीचे धक्के खाऊन चोरी करतो. तुम्ही खुर्चीत बसून केलीत, आणि वर मलाच तुमचे आभार मानायला लावलेत. तुम्हाला मराठी येत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच हे मराठीत लिहितेय. इंग्रजीत माझं कुठलंही वाक्य बारा शब्दांच्या पुढे जात नाही. ती शिस्त माझीच, आणि आज रविवारी मला शिस्त नकोय. टेबलावर तुमच्या सहीचं पत्र पडलंय. आणखी दोन वर्षं मला या देशात राहता येईल, शिकवता येईल, असं त्यात लिहिलंय. शाई चांगली ठळक आहे. पाणी प्यायला उठले की मी ते उलटं करून ठेवते, परत आले की सुलटं करते. सकाळपासून हेच चाललंय.

सोमवारी चष्म्याच्या दुकानावरचे दोन जिने चढून मी तुमच्या शाळेत आले. लिफ्ट बंद होती, म्हणजे नेहमीसारखीच. बाहेरच्या खोलीत तो काचेचा फलक आहे ना, शिक्षकांच्या फोटोंचा, त्याच्यासमोर मी रोज क्षणभर थांबते. कौतुकानं नाही हो, केस नीट आहेत का ते काचेत बघायला. सोमवारी काचेत माझा चेहरा दिसला आणि त्याच्या मागे, नेमका माझ्या फोटोच्या जागी, एक गोरा, हसरा, चौकोनी हनुवटीचा माणूस दिसला. खाली माझ्याच वर्गाच्या वेळा. म्हणजे त्याच्या कपाळावर माझी टिकली आणि माझ्या ओठांवर त्याचे दात, असं काहीतरी एकात एक मिसळलं होतं. मी बाजूला झाले तशी मी गेले, तो राहिला. माझा फोटो कुठे गेला म्हणून विचारलं तर तुमच्या स्वागतिकेनं टेबलाखालची रद्दीची पेटी पायानं आत ढकलली. तोंडानं म्हणाली, ‘‘साहेबांना विचारा.’’

तुम्ही किती गोड बोललात! ‘‘तुम्ही आमच्या सर्वांत चांगल्या शिक्षिका आहात. त्यात बदल नाही. शनिवारी परवाना खात्याची माणसं येणार, वर्ग बघणार. लोकांना इंग्रजी शिकवणारा माणूस एका विशिष्ट प्रकारचा दिसायला हवा असतो. मला नाही हं, लोकांना. धडा तुम्हीच लिहा. तो फक्त उभा राहील. तुम्ही मागे बसा.’’ आणि टेबलाच्या खणातून एक बिल्ला काढून पुढे सरकवलात. असिस्टंट. ‘‘तुमच्या मुक्कामाचं पत्रही तयार आहे, शनिवारी सही करतो.’’ दोन्ही गोष्टी एका दमात, मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. मी बिल्ला उचलला. का उचलला? हा प्रश्न मी सोमवारपासून स्वतःला विचारतेय, पण आधी तुमचा हिशोब, मग माझा.

पाच वर्षांपूर्वी तुम्ही मला फोनवर निवडलंत. ‘‘आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ.’’ मग विमानतळावर घ्यायला आलात, माझ्याकडे पाहिलंत आणि लगेच माझ्या मागे पाहिलंत, की ती आवाजाची बाई कुठंय. मागे एक म्हातारा आपली पिशवी शोधत होता. त्या दिवशी मला हसू आलं होतं. म्हटलं, असू दे, नवीन आहे बिचारा. नवीन मी होते. तुम्ही मुरलेले होतात.

तुम्ही कधी विचारलं नाहीत मी इंग्रजी कुठे शिकले, म्हणून सांगते. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. आई घरी शर्टांना बटणं लावायची. कारखान्यातून बटणांच्या पुड्या यायच्या, इंग्रजी वर्तमानपत्रात बांधलेल्या. आई बटणं मोजायची ती अंगठ्यानं, बोटांच्या पेरांवर. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, बारा झाली की एक डझन, एक काडी बाजूला. तोंडानं एक आकडा नाही. शेजारणीशी भांडताना, मला ओरडताना, आमटीत मीठ टाकताना अंगठा आपला फिरतच असायचा. मी ते पुड्यांचे कागद मांडीवर ताणून सपाट करायची आणि वाचायची. कळायचं काहीच नाही. मग मीही पेरांवर शब्द मोजायला लागले. एका पेरावर एक शब्द, त्याचा अर्थ लागला की पुढचं पेर. बारा झाले की थांबायचं, मागे वळून सगळं वाक्य एका श्वासात म्हणायचं. कागद फाटलेला असायचा, त्यामुळे बातमी नेहमी अर्धी. कुणी कुणाला मारलं ते समजायचं, का मारलं ते दुसऱ्या कुणाच्या पुडीत गेलेलं असायचं. माझं इंग्रजी असं आहे, कडा फाटलेलं. पण जे आहे ते माझ्या पेरांत आहे, कुणाच्या बापाचं नाही.

आणि तेच मी तुमच्या वर्गाला दिलं. चौदा मोठी माणसं. बोलायला घाबरणारी, घाम फुटणारी. बस चालवणारा तो पन्नाशीचा गडी, ज्याला मी हॉर्न म्हणते, कारण बोलला तर खिडक्या हलतात आणि बोलायचा मात्र वर्षातून एकदा. त्या दोघी जावा, एकमेकींची वही झाकून लिहिणाऱ्या. सगळ्यांना मी म्हटलं, हात मांडीवर ठेवा, अंगठा पहिल्या पेरावर. एक शब्द, एक पेर. बाराच्या आत वाक्य संपवा आणि मगच तोंड उघडा. घाईनं कुणी मेलं नाही असं नाही, पण थांबल्यानं कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. महिन्याभरात सगळे बोलायला लागले. मला ते ‘बाई’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी सांगितलं होतं, आमच्याकडे शिकवणारीला बाई म्हणतात. त्यांनी शब्द घेतला तो घेतलाच.

मंगळवारी तुम्ही त्या फोटोतल्या माणसाला माझ्याकडे पाठवलंत, तयारी करून घ्या म्हणून. मी मनातल्या मनात त्याचं नाव पोस्टर ठेवलं. वर्गात शिरला तसे चौदाही जण उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, ‘‘गुड मॉर्निंग, बाई!’’ तो मागे वळून बघायला लागला. मला इतकं बरं वाटलं की खडू मोडला. हॉर्नला वाटलं काहीतरी चुकलं, तो पुन्हा एकट्यानंच ओरडला, ‘‘गुड मॉर्निंग, बाई!’’ खिडकी हलली. पोस्टर वाईट माणूस नाही, हीच तर अडचण. वाईट असता तर काम सोपं होतं. शहरातल्या तरणतलावावर तो पोहायला शिकवतो. तिथेच तुम्ही त्याला बघितलंत आणि हनुवटी भाड्यानं घेतलीत. मधल्या सुट्टीत खिडकीशी उभा राहून मला म्हणाला, ‘‘मला हे सगळं पाठ होणार नाही हो. मी पाण्याबाहेर बोलत नाही फारसा.’’ मी म्हटलं, ‘‘तुमची भाषा आहे, तुम्हाला काय कठीण?’’ तो हसला. ‘‘माझी कुठली? आमच्या घरी कुणाला इंग्रजी येत नाही. शाळेत शिकलो, नापास होत होत. साहेबांनी विचारलंच नाही मी कुठला ते.’’

ऐकलंत? तुम्ही विचारलंच नाहीत. मला पाहून माझ्या मागे पाहिलंत आणि त्याला पाहून तिथेच थांबलात. ती माहिती मी पदराच्या गाठीला बांधली. मी आता साडी नेसत नाही, पण गाठ मारायची सवय जात नाही. शनिवारी सगळ्यांसमोर ही गाठ सोडायची, असं ठरवून मी त्या दिवशी घरी जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

बुधवार चांगला होता. मला तो चांगला नको होता, राग पातळ होतो. पण हॉर्न आला तो डोळे पुसत. त्याची मुलगी लांब कुठे परदेशात दिलेली, तिची मुलगी सहा वर्षांची, तिला फक्त इंग्रजी येतं. आजोबा आणि नात इतकी वर्षं फोनवर एकमेकांना नुसतं ‘हॅलो’ म्हणायचे आणि मग श्वास ऐकत बसायचे. त्या सकाळी त्यानं तिला एक गोष्ट सांगितली. एका बसची. बस दमली, रस्त्यात बसली, प्रवाशांनी तिला पाणी पाजलं. ‘‘सोळा वाक्यं, बाई,’’ तो म्हणाला आणि हात पुढे करून अंगठा पेरांवरून फिरवून दाखवला. ‘‘एकही बाराच्या वर नाही. ती म्हणाली, मग पुढे काय झालं? बाई, ती मला म्हणाली, मग पुढे काय झालं!’’ धाकटी जाऊ रडायला लागली. मोठी म्हणाली, ‘‘हिला रडायला निमित्तच लागतं,’’ आणि स्वतः नाक ओढलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी पुसत राहिले. मनात आलं, फोटो गेला तर गेला, हे तर कुणी काढून नेत नाही ना. बघा, किती मूर्ख असते मी बुधवारी.

गुरुवारी घरी फोन केला. आधी वहिनी. ‘‘वन्सं, तुम्ही ना, उगीच फाटे फोडता. फोटोचं काय घेऊन बसलात? पगार तुमचा, वर्ग तुमचा, तो नुसता उभा राहणार. देवाच्या पुढ्यातला नंदी समजा.’’ मी म्हटलं, ‘‘नंदी मला केलंय गं, मागे बसवलंय.’’ ‘‘मग बसा ना. दोन तासांचा प्रश्न. पत्र मिळालं नाही तर काय करणार आहात? इकडे तुमच्या खोलीत आता ह्यांची यंत्रं आहेत. या, आपलंच घर आहे, पण झोपणार कुठे ते तुम्हीच सांगा.’’ वहिनी वाईट नाही बोलली. खरं बोलली, आणि खरं ते माणूस फोन ठेवल्यावरच ऐकतं. मग आईनं फोन घेतला. तिला सगळं नीट कळलं नसेल असं मला वाटलं होतं. पण ती मग म्हणाली, ‘‘मी जन्मभर बटणं लावली. शर्टाच्या गळ्याशी कुणाचं नाव असतं गं?’’

‘‘कारखान्याचं.’’

‘‘मग? बटणं लावणारीचं असतं का कधी?’’

‘‘तुला राग नाही आला कधी, आई?’’

‘‘येत होता की. राग आला की मी एखादं बटण सैल लावायची. चार धुण्यांत सुटणार असं. कुठल्या तरी साहेबाचं ऐन कार्यात सुटलं असेल पोटावरचं.’’ आणि ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. तिची ती बारीक, कडवट मजा मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. शहाणी, सोशिक म्हणून जिला चाळभर मिरवलं, ती बाई डझनामागे एक सूड शिवत होती.

शुक्रवारी मीही बटण सैल लावलं. धडा उत्तम लिहिला होता, पोस्टरनं तो कसाबसा पाठ केला होता. वर्ग संपताना मी दार लावून घेतलं आणि चौदा जणांना म्हटलं, ‘‘उद्या ते सर प्रश्न विचारतील. कुणी तोंड उघडायचं नाही.’’ मोठी जाऊ म्हणाली, ‘‘उत्तर येत असलं तरी?’’ ‘‘येत असलं तरी.’’ धाकटी म्हणाली, ‘‘खोकला आला तर?’’ ‘‘हिला येणारच,’’ मोठी म्हणाली. सगळे हसले. हॉर्न हसला नाही. त्यानं हळू आवाजात विचारलं, म्हणजे त्याच्या मानानं हळू, ‘‘बाई, आम्ही गप्प बसलो तर त्यांना वाटेल आम्हाला काही येत नाही. मग तुमचं काय?’’ मी म्हटलं, ‘‘माझं मी बघते.’’ शाळेचा परवाना अडकला तर त्यांचे वर्षभराचे तास वाया जातात, ते कुठल्याच परीक्षेला धरले जात नाहीत, हे मला माहीत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. लिहून ठेवते, कारण चोर म्हणायला तोंड उघडलंय तर ते दोन्हीकडे उघडं असू दे. तुम्ही माझा वर्ग वापरलात, आणि शुक्रवारी संध्याकाळी मीही वापरला.

शनिवार. परवाना खात्याची दोन माणसं, एक टक्कल पडलेले गृहस्थ आणि एक चष्मेवाली बाई, भिंतीला लागून बसली. तुम्ही दाराशी. मी शेवटच्या बाकावर, बिल्ला लावून, पाणी भरलेला जग पुढ्यात. पोस्टर उभा राहिला आणि खरंच चांगला दिसत होता. पहिला प्रश्न विचारला. कुणी बोललं नाही. त्यानं पुन्हा विचारला. घड्याळाची टिकटिक, खालच्या दुकानात कुणीतरी शटर ओढलं. पोस्टरच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये शिरताना मला शेवटच्या बाकावरूनही दिसत होता. तुमच्या बुटाचं टोक हलायला लागलं. काय सांगू तुम्हाला, काय चव होती त्या शांततेला! चिंच चोखावी तशी मी ती चोखत होते. आणि मग माझं लक्ष खाली गेलं. चौदा मांड्यांवर चौदा हात होते आणि चौदा अंगठे फिरत होते. प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. ते शब्द लावत होते, मोजत होते, वाक्य संपवत होते आणि गिळत होते. पुन्हा पहिलं पेर. पुन्हा गिळत होते. माझ्यासाठी.

चष्मेवालीलाही ते दिसलं. ती उठली, धाकट्या जावेपाशी वाकली, म्हणाली, ‘‘तुम्ही हातानं काय करताय?’’ धाकटीनं ओठ इतके घट्ट मिटले की हनुवटीला खळ्या पडल्या. ती मोठीकडे बघायला लागली, मोठी छताकडे. आणि मग हॉर्न उभा राहिला. बाक मागे सरकला. त्याचा अंगठा मला दिसत होता, पेरापेरावर थांबणारा. ‘‘मॅडम, आम्ही वाक्य मोजतो. हे आम्हाला बाईंनी शिकवलं. बाई मागे बसल्या आहेत.’’ तीन वाक्यं, प्रत्येक बाराच्या कितीतरी आत. खिडकी हलली.

सगळी डोकी वळली. चष्मेवाली माझ्यापर्यंत चालत आली. तिनं बिल्ला वाचला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्या मागे नाही पाहिलं, हे मुद्दाम सांगते. माझ्याकडेच पाहिलं. ‘‘हा वर्ग तुम्ही शिकवता?’’ मी उभी राहिले. माझं वाक्य आठवड्याभरापासून तयार होतं, नऊ शब्दांचं. वर गाठीतली ती दुसरी गोष्ट, पोस्टरची. अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. तेवढ्यात तुम्ही दाराशी उभे होतात तिथून कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवलात आणि थोपटलंत. दोनदाच. तान्ह्या मुलाला थोपटतात तसं. खिशात पत्र होतं. पत्रामागे वहिनीच्या घरातली यंत्रं, आणि त्या यंत्रांमध्ये कुठेतरी माझं अंथरूण.

मी म्हटलं, ‘‘असिस्टंट.’’

एक शब्द. एक पेर. अंगठा तिथेच राहिला. चौदा अंगठेही थांबले, ते मी पाहिलं नाही, पण मला कळलं, जसं दुसऱ्या खोलीतला पंखा बंद झालेला कळतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मी ते कसं ऐकलं हे ठाऊक नाही. तुम्ही हसत पुढे झालात आणि म्हणालात, ‘‘ही आमच्या नव्या सरांची पद्धत आहे. आधी मौन, मग मोजणी, मग बोलणं. असिस्टंट फक्त सराव घेतात.’’ पोस्टर तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. टकल्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं. मौनसुद्धा लिहून घेतलं! माझा सूडही तुम्ही उचललात आणि त्याच्यावर तुमचं नाव शिवलंत. मी बटण सैल लावलं होतं, तुम्ही म्हणालात ही नवी फॅशन. परवाना मिळाला. दुपारी केबिनमध्ये माझ्यासमोर सही केलीत, ‘‘तुम्ही फार समजूतदारपणा दाखवलात,’’ म्हणालात, आणि मी, होय मीच, थँक यू म्हटलं. मग उत्साहानं सांगितलंत की सोमवारी फोटोग्राफर येणार आहे. नव्या जाहिरातीसाठी. पोस्टरच्या हाताचा फोटो, पेरांवर अंगठा ठेवलेला. ‘‘त्याला जरा दाखवा ना कसा धरायचा ते.’’

माझ्या आईचा अंगठा आहे तो. बोथट, सुईनं भोकं पडलेला. तो तुम्ही एका पोहणाऱ्या माणसाच्या स्वच्छ हातावर चिकटवणार आणि दाराला लावणार.

जिन्यात हॉर्न थांबला होता. टोपी हातात. म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही गप्प बसा म्हणालात, तरी मी बोललो. तुम्हाला कुणी गप्प बसा म्हणालं?’’ तो जरा वेळ थांबला, बाराच्या मोजणीला लागतो तेवढा, आणि खाली उतरून गेला. शुक्रवारपर्यंत तो माझ्या आधी जिना उतरत नसे.

तर आता ऐका. माझ्याबद्दलचं माझं मी त्याला सांगणार आहे, त्याच्या डोळ्यांत बघून, आणि तासांची गोष्टही सांगणार आहे, चौदाही जणांना. त्यात तुमची लुडबुड नको. तुमचं वेगळं. सकाळपासून मी दोन गोष्टी केल्या. त्या चष्मेवालीला इंग्रजीत अर्ज लिहिला, अकरा वाक्यांचा, एकही बाराच्या वर नाही. त्यात फोटो आहे, रद्दीची पेटी आहे, बिल्ला आहे, माझी शुक्रवारची सूचना आहे आणि माझं ते एका शब्दाचं खोटंही आहे. पोस्टरची गाठ मात्र सोडली नाही. त्याला तुम्ही विचारलं नाहीत, मग मी का सांगू? पाकीट बंद करून मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आले. टाकल्यावर आत हात घालून बघितलं, परत येतं का. येत नाही. दुसरी गोष्ट, तुमच्या सहीचं पत्र घडी घालून बिल्ल्यासकट वेगळ्या पाकिटात घातलं. आत्ता घातलं, हे लिहिता लिहिता. आईला फोन करून सांगितलं, येईन कदाचित. ती म्हणाली, ‘‘ये. यंत्रांखाली जागा असते. मी तिथंच झोपते दुपारची.’’

उद्या सोमवार आहे. फोटोग्राफर दिवे लावत असेल, पोस्टर हात पुढे करून उभा असेल, चौदा जण बाकांवर असतील आणि तुम्ही दाराशी. मी ते पाकीट तुमच्या हातात देईन आणि सगळ्यांसमोर तुमच्या इंग्रजीत एकच प्रश्न विचारीन. लोकांना काय हवं ते सांगू नका. परवान्याचं सांगू नका. खिसा थोपटू नका, तो आता रिकामा असेल. हात मांडीवर ठेवा, अंगठा पहिल्या पेरावर ठेवा, बारा शब्द तुम्हालाही आहेत, चौदा जण मोजायला बसलेले आहेत. यांना बोलायला कुणी शिकवलं?

बोला.